झाकण वाजवून बघा

स्वस्तातला आइसबॉक्स घरात असेल तर आधी त्याच्या बाजू बोटाने वाजवून बघा आणि मग झाकण वाजवा. बाजूंचा आवाज दबका येतो, कारण आत फोम भरलेला असतो. झाकण मात्र ठणठणतं. आत काहीच नाही, नुसती हवा! दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या बऱ्याचशा बॉक्सचं हे असंच असतं. बर्फ टिकत नाही म्हणून आपण रोज दोन किलो जास्त आणतो, पण त्या झाकणाकडे कोणी बघत नाही.

माझं काम ताक, पन्हं आणि पियूषचं. उन्हाळाभर सकाळी नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकपाशी बाटल्या घेऊन बसायचं, बाकीचा दिवस हळदी, मुंजी आणि वास्तुशांतीच्या ऑर्डरी. या धंद्यात दह्याइतकाच बर्फाचाही हिशोब ठेवावा लागतो. दुपारी बर्फ संपला की ताक आंबायला लागतं, आणि आंबलेलं ताक मी गिऱ्हाईकाला देत नाही. त्यामुळे बर्फ दोन तास जास्त टिकणं ही माझ्यासाठी हौसेची गोष्ट नाही, तो माझा नफा आहे.

झाकण वाजवायची युक्ती माझ्या धाकट्या दिराची. तो नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. मी मोठा, महागडा बॉक्स घ्यायचं काढलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, थांबा जरा. आहे त्याचंच झाकण भरून देतो, मग ठरवा."

पोकळ झाकणाचं नुकसान कसं होतं ते त्यानेच समजावलं. ऊन पडतं ते झाकणावर. वरचं प्लास्टिक तापलं की त्याची धग मधल्या पोकळीतून सरळ खालच्या प्लास्टिकवर पडते, वाटेत अडवायला काही नसतं. त्या पोकळीत फोम भरला की ती धग तिथेच अडते आणि हवेलाही हलायला जागा उरत नाही.

आम्ही वापरला तो दारा-खिडक्यांच्या चौकटी बसवणारे वापरतात तो पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा स्प्रे. रविवार कारंजाच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. झाकणाच्या आतल्या अंगाला ड्रिलने ८ मिलिमीटरची भोकं पाडली, कोपऱ्यांत चार आणि मध्ये काही. कोपऱ्यातली भोकं विसरायची नाहीत. फोम फुगत कडेपर्यंत जातो तेव्हा आतली हवा बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर कोपरे रिकामेच राहतात. हा फोम हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. नाशिकच्या एप्रिलमधली हवा इतकी कोरडी की आधी त्या भोकांतून पाण्याचा हलका फवारा मारून घेतला. मग डबा चांगला हलवून, उलटा धरून, प्रत्येक भोकात थोडाथोडाच फोम सोडला. एकदम भरायचा नाही. तो फुगतो आणि झाकणाला पोट येतं, मग ते बॉक्सवर नीट बसत नाही. आम्ही झाकण दोन फळ्यांमध्ये ठेवून सी-क्लॅम्पने आवळलं आणि उरलेला फोम दुसऱ्या दिवशी भरला. भोकांतून बाहेर आलेला फोम वाळल्यावर कटरने सपाट कापला आणि वर सिलिकॉन लावलं. आता झाकण वाजवलं की बाजूंसारखाच दबका आवाज येतो.

हे काम स्वयंपाकघरात करू नका. डब्यातला गॅस पेट घेणारा असतो आणि वासही उग्र. गच्चीवर करा, हातमोजे घाला. फोम हाताला लागला तर साबणाने निघत नाही. ओला असेपर्यंत ॲसिटोनने निघतो, पण ॲसिटोनची बाटली थर्माकोलपासून लांब ठेवायची, कारण थर्माकोल त्यात विरघळतो. पेट्रोलचं आणि रबरी गोंदाचंही तेच, म्हणून थर्माकोल चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल बरा.

झाकणानंतर फट. रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च लावून बॉक्समध्ये ठेवा आणि झाकण बंद करा. कडेने जिथे उजेडाची रेघ दिसते तिथून दिवसा गरम हवा आत जाते. दिवसा बघायचं असेल तर वर्तमानपत्राची पट्टी झाकणात पकडून ओढा. सहज निसटली तर तिथे फट आहे. माझ्या बॉक्सला समोरच्या बाजूला सगळीकडे उजेड दिसला, बिजागरीकडे जवळजवळ नाही. म्हणून फोमची टेप समोर जाड लावली आणि मागे पातळ. सगळीकडे एकाच जाडीची लावली तर बिजागरीकडून झाकण उचललं जातं आणि समोरची कडी ओढून बसवावी लागते, ती मग तुटते. वरून स्कूटरच्या कॅरिअरचा इलास्टिक बेल्ट आवळला की टेप व्यवस्थित दबते.

आणखी एक गोष्ट केली, आणि खर्चाच्या मानाने मला सगळ्यात जास्त आवडलेली तीच. एक इंच जाडीच्या थर्माकोलचं आतलं झाकण. बॉक्सच्या आतल्या मापाने कापलं, दाणे पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली आणि मधोमध दोन तुकडे केले. ते सरळ बाटल्यांच्या डोक्यावर बसतं. एक बाटली काढायची तर अर्धाच तुकडा उचलायचा, बाकी अर्ध्याचा गारवा जागेवर राहतो. जॉगिंग ट्रॅकवर बॉक्स सारखा उघडावा लागतो, तिथे याचा फार उपयोग होतो. बाटल्या आणि बर्फ कमी होतात तसे तुकडेही खाली सरकतात आणि वरच्या पोकळीतली गरम हवा बाटल्यांना लागत नाही.

बॉक्सचं इतकं केलं तरी आत काय भरतो त्यावर निम्मं अवलंबून आहे. शाळेतलं गणित आहे हे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. १० लिटर ताक ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला ३०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे कोमट बाटल्या बॉक्समध्ये ठेवल्या की जवळजवळ पावणेचार किलो बर्फ ताक गार करण्यातच गेला, टिकवायला उरलाच नाही. म्हणून बाटल्या रात्रभर फ्रीजमध्ये असल्याच पाहिजेत. बॉक्सही आदल्या रात्री एक गोठवलेली बाटली आत ठेवून गार करून ठेवते. दिवसभर गच्चीच्या खोलीत तापलेला बॉक्स पहाटे भरला तर पहिला बर्फ त्याच्या भिंतीच खातात.

बर्फ जितका मोठ्या तुकड्यात तितका टिकतो, कारण वजनाच्या मानाने त्याचं अंग कमी उघडं असतं. चुरा गार लवकर करतो आणि संपतोही लवकर. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून कलकत्त्याला जहाजाने तळ्याचा बर्फ आला होता. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, तरी १८० टनांतला १०० टनांच्या आसपास शाबूत पोचला. ना फोम ना थर्माकोल. मोठमोठे ठोकळे एकमेकांना चिकटवून रचलेले आणि भोवती फळ्यांच्या दुहेरी भिंतीत झाडाच्या वाळलेल्या सालीचा चुरा, एवढंच. मी घरी दोन लिटरच्या बाटल्या पाणी भरून गोठवते (वर चार बोटं जागा सोडून, बर्फ फुगतो), आणि मोठी ऑर्डर असेल तरच कारखान्यातून लादीचा तुकडा आणते. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर असला पाहिजे असा २०१८ पासून महाराष्ट्रात नियम आहे. तसा बर्फ बाटल्यांभोवती ठेवला तर चालतो, ग्लासात कधीही नाही. माझ्याकडे बर्फ ग्लासात जातच नाही, ताक बाटलीतच गार असतं.

बर्फात मीठ घालू का, असं खूपजणी विचारतात. नको. पॉट आइस्क्रीमला मीठ लागतं कारण तिथे तापमान शून्याच्या बरंच खाली न्यायचं असतं, आणि त्यासाठी बर्फ भराभर वितळवायचा असतो. आपल्याला तो वाचवायचाय. वितळलेलं पाणीही सारखं काढू नका. त्यात बर्फ आहे तोवर ते शून्याजवळच असतं आणि बाटलीला सगळ्या अंगाने लागतं. ते काढलं की त्या जागी गरम हवा येते.

एप्रिल-मेमध्ये मी बॉक्सवर ओलं बारदान टाकते. माठ जसा पाझरून गार राहतो तेच इथे. एक किलो पाणी वाफ होऊन जाताना तेवढाच बर्फ वितळण्याच्या जवळजवळ सातपट उष्णता घेऊन जातं. चाळिशीच्या कोरड्या दुपारी सावलीत, वारं लागेल अशा जागी ठेवलेलं ओलं बारदान पंचविशीच्या खाली उतरतं. म्हणजे बॉक्सला वाटतं बाहेर जानेवारी आहे. बारदान सुकू मात्र द्यायचं नाही आणि बॉक्स गाडीच्या डिकीत कोंडलेला असेल तर याचा उपयोग नाही.

आता नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं. २०२७ साठी ताकाचा, पाण्याचा स्टॉल टाकायचा विचार करणाऱ्या ओळखीच्या बायका आत्तापासून विचारायला लागल्या आहेत. त्यांना माझं एकच सांगणं आहे: मेमधली बारदानाची युक्ती धरून चालू नका. स्नानाचे मोठे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या दिवसांत नाशिकची हवा इतकी दमट असते की ओलं बारदान ओलंच राहतं, गार होत नाही. तेव्हा सगळी भिस्त झाकणावर आणि टेपवर असणार. पंचवटीत गर्दीच्या दिवशी रस्ते बंद असताना मध्येच कोणी बर्फाची लादी आणून देणार नाही, सकाळी भरलेला बॉक्स रात्रीपर्यंत पुरला पाहिजे.

त्याच दमट हवेचा एक फायदाही आहे. पावसाळ्यात बॉक्स बर्फाने भरून तासाभराने त्यावर हात फिरवा. जिथे गारवा बाहेर झिरपतो तिथे बॉक्सला घाम येतो. माझ्या दुसऱ्या बॉक्सचं झाकण मागच्या जुलैत वरून चिंब ओलं व्हायचं. फोम भरल्यापासून वरून कोरडं आहे, पण खाली पाणी काढायच्या बुचाभोवती अजून ओल्याचं वर्तुळ उमटतं. त्या बुचाचं रबरी वायसर बदलायचंय आणि बाहेरून थर्माकोलची टोपी बसवायची आहे. दीर रविवारी येतोय.