डांबर-वाळूतले तेल आणि न भरलेली ठेव

कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागात, अथाबास्का नदीच्या खोऱ्यात, जी डांबर-वाळू पसरलेली आहे तिच्याविषयीची चर्चा बहुधा दोन वेगळ्या गटांत चालते. पर्यावरणाची चिंता असणारे नदी, पक्षी आणि हवामान यांविषयी बोलतात, तर गुंतवणुकीची चिंता असणारे तेलाचा भाव आणि ताळेबंद यांविषयी. या विषयावरचे अहवाल वाचताना माझी अशी खात्री होत गेली आहे की, हे दोन्ही धोके मुळात एकच आहेत. कारण प्रदूषण निस्तरण्याचा जो खर्च आज टाळला जातो, तोच उद्या कोणाच्या तरी माथी देणे म्हणून बसणार आहे.

हे तेल विहिरीतून आपोआप वर येत नाही. वाळूच्या कणांना चिकटलेले घट्ट बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखे जड तेल, आधी सोडवावे लागते. जिथे थर उथळ आहेत तिथे जंगल तोडून आणि वरची माती काढून वाळू खणली जाते व गरम पाण्याने धुतली जाते, आणि एका पिंपभर तेलासाठी साधारण दोन टन वाळू उपसावी लागते. मात्र सुमारे ८० टक्के साठा इतका खोल आहे की तिथे खाण काढता येत नाही. तिथे एकावर एक अशा दोन आडव्या विहिरी खोदतात, वरच्या विहिरीतून वाफ सोडतात आणि उष्णतेने पातळ झालेले बिट्युमेन खालच्या विहिरीतून ओढून घेतात. ही वाफ करण्यासाठी प्रचंड प्रमाणात नैसर्गिक वायू जाळावा लागतो. म्हणजे हे तेल वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या आधीच त्याच्या नावे बरेच उत्सर्जन झालेले असते, आणि नेमक्या त्याच कारणाने ते महागही पडते.

वाळू धुतलेले पाणी मोठमोठ्या तळ्यांत साठवले जाते. त्यातील बारीक चिकणमाती दशकानुदशके खाली बसत नाही, आणि पाण्यात नॅफ्थेनिक आम्लांसारखी, जलचरांना विषारी असणारी द्रव्ये उरतात. आज या तळ्यांत एक लाख कोटी लिटरहून अधिक टाकाऊ द्रव साठला आहे. पक्षी तिथे उतरू नयेत म्हणून काठावर गॅसच्या तोफांचे बार काढले जातात आणि पाण्यावर बुजगावणी तरंगत ठेवली जातात. एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूड कंपनीच्या तळ्यावर हा बंदोबस्त वेळेत झाला नव्हता. स्थलांतर करून आलेली बदके तिथल्या मोकळ्या पाण्यावर उतरली आणि तवंगाने माखून १,६०० हून अधिक बदके मेली. माणसांच्या वाट्याला आलेली वागणूकही फारशी वेगळी नाही. इम्पीरियल ऑइलच्या कर्ल खाणीतून दूषित पाणी झिरपत असल्याची चिन्हे मे २०२२ मध्ये दिसली होती. परंतु त्याचे गांभीर्य नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आदिवासी समुदायांना कळले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, दुसऱ्या एका घटनेत सुमारे ५३ लाख लिटर पाणी बाहेर पडल्यावर. ज्या लोकांचे पिणे, मासेमारी आणि शिकार त्या परिसरावर अवलंबून आहे, त्यांना इतके महिने अंधारात ठेवणे मला अक्षम्य वाटते.

ही तळी आणि खाणी पूर्ववत करण्यासाठी कंपन्यांकडून सुरक्षा ठेव घेतली जाते. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, पुनर्वसनाचे देणे २०.८ अब्ज कॅनडियन डॉलर असताना ठेव मात्र १.५७ अब्जांची होती. पुढे प्रांताच्या ऊर्जा नियामक संस्थेतील एका सादरीकरणात याच देण्याचा १३० अब्जांचा आकडा आला. तो अतिवाईट परिस्थितीचा अंदाज असल्याचे सांगून संस्थेने हात झटकले. पण माझ्या मते आकड्यांहून घातक आहे तो नियम. खाणीत १५ वर्षांहून अधिक काळ पुरेल इतका साठा शिल्लक असेल आणि कंपनीची मालमत्ता पुनर्वसनाच्या देण्यापेक्षा पुरेशी जास्त असेल, तर पूर्ण ठेव मागितलीच जात नाही. म्हणजे जमिनीतले न काढलेले तेल हेच तारण धरले जाते. तेलाचा भाव कोसळला की कंपनी अडचणीत येते आणि त्याच क्षणी तारणाचेही मोल उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०१८ च्या अखेरीस इथल्या जड तेलाला अमेरिकी तेलापेक्षा पिंपामागे ४० डॉलरहून अधिक कमी भाव मिळू लागला, तेव्हा अल्बर्टा सरकारला स्वतः उत्पादनकपातीचा आदेश काढावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी इम्पीरियलची पालक कंपनी एक्सॉनमोबिलने कर्लमधील ३.५ अब्ज पिंपे आपल्या राखीव साठ्यांतून वगळली होती, कारण तेव्हाच्या भावात ती काढणे परवडत नव्हते. २०२० मध्ये फ्रान्सच्या टोटल कंपनीने इथल्या मालमत्तेचे मूल्य सुमारे ७ अब्ज अमेरिकी डॉलरनी कमी केले. शेल आणि कोनोकोफिलिप्स यांनी २०१७ मध्येच आपला बहुतांश हिस्सा विकला होता. जागतिक कंपन्या अशा बाहेर पडतात तेव्हा तळी जागच्या जागीच राहतात, आणि त्यांची जबाबदारी मोजक्या कॅनडियन कंपन्यांवर एकवटत जाते.

वाहतुकीचे गणितही असेच आहे. जुलै २०१० मध्ये मिशिगनमधील कॅलमझू नदीत फुटलेल्या वाहिनीतून, वाहून नेता यावे म्हणून हलकी द्रव्ये मिसळून पातळ केलेले बिट्युमेन सांडले. ती हलकी द्रव्ये उडून गेल्यावर जड भाग तळाशी बसला, त्यामुळे सफाई वर्षानुवर्षे चालली आणि खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला. इकडे अल्बर्टातून पश्चिम किनाऱ्यापर्यंत तेल नेणारी ट्रान्स माउंटन वाहिनी २०१८ मध्ये कॅनडा सरकारनेच साडेचार अब्ज कॅनडियन डॉलरना विकत घेतली, आणि २०२४ मध्ये विस्तारित वाहिनी सुरू होईपर्यंत विस्ताराचा खर्च सुमारे ३४ अब्जांवर गेला. खासगी कंपनीने ज्या जोखमीतून अंग काढून घेतले, ती अशा रीतीने करदात्यांकडे आली.

या उद्योगावर हजारो कुटुंबे जगतात, प्रांताच्या तिजोरीत मोठे स्वामित्वधन येते आणि काही आदिवासी समुदायांचे व्यवसायही त्याच्याशी बांधलेले आहेत, हे मला मान्य आहे. म्हणूनच उद्या सकाळी सर्व खाणी बंद करा, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, २०२२ सारख्या भरघोस नफ्याच्या वर्षांत भागधारकांना लाभांश वाटण्याआधी ठेव भरून घ्यायला हवी होती, आणि ती अजूनही भरून घेता येईल. १९६७ मध्ये सुरू झालेल्या सनकॉरच्या प्रकल्पाची सध्याची मुख्य खाण पुढील दशकात संपत येणार आहे, आणि १५ वर्षांचा नियम कागदाबाहेर किती खरा ठरतो हे तिथल्या ठेवीच्या रकमेवरून कळेल.