साठ पोती की आठ?

मागच्या उन्हाळ्यात नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे फोनवर बुकिंग घेणारी यंत्रणा बसवली. गिऱ्हाईक बोलणार, संगणक ऐकून नोंद करणार. ऑफिसात हेडफोन लावून तपासलं तेव्हा सगळं झकास. पहिल्याच दिवशी कळमना मार्केटमधून फोन आला, ‘साठ पोती’. नोंद झाली आठ. मालक म्हणाले, “काहून जी, मशीन बहिरी हाये का?”

मला आधी कूलरच्या घरघरीचा संशय. (मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणायची हिंमत कोणात आहे!) पण खरी भानगड लाइनीत होती. ‘स’चा सिसकारा बराचसा 4 किलोहर्ट्झच्या वर असतो. साध्या फोनचा आवाज सेकंदाला 8,000 नमुन्यांचा (म्हणजे तितक्या वेळा मोजलेला), आणि नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं टिपली जातात, म्हणजे 4 किलोहर्ट्झच्या वरचा भाग येतच नाही. त्यात नेट वाचवायला कुणीतरी जी.729 कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) लावलेला, नेहमीच्या जी.711 च्या सेकंदाला 64 ऐवजी 8 किलोबिटचा. माणूस अंदाजाने समजून घेतो. आमचं बोलणं ओळखणारं मॉडेल सेकंदाला 16,000 नमुन्यांच्या स्वच्छ आवाजावर शिकलेलं. शिवाय शांतता गाळणारी सोय चालू होती, ती शब्दाची सुरुवातच खायची.

जी.711 लावला, ती सोय बंद केली, नेटवर सीसीटीव्हीच्या आधी फोनच्या पॅकेटांना (आवाजाच्या तुकड्यांना) वाट दिली. एक मात्र कबूल: जुन्या तारेच्या लाइनी असत्या तर सर्व्हरमध्ये वेगळी कार्डं खोचावी किंवा बाहेर वेगळी पेटी जोडावी लागली असती. इथे आवाज नेटवरून थेट आत.

आता यंत्र उलट विचारतं, ‘सहा, शून्य, साठ ना?’ मालकांनी फोनशेजारची वही मात्र हलवलेली नाही.