तुम्ही विचारलंत म्हणून: मी प्रभुभोजन का घेत नाही

"काका, दर रविवारी येता, गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणता, मग प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या वेळी, नुसते बसून का राहता?" गेली चौदा वर्षं हा प्रश्न. कोयरमधली पोरं विचारतात, व्याही विचारतात, नवे पाळकसाहेब आले की पहिल्याच भेटीत चहा निवायच्या आत विचारतात. मी डायबेटिस सांगून बघितला. त्या एवढ्याशा ग्लासातल्या द्राक्षरसानं कुणाची साखर वाढत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

तर ऐका. घर वडिलांचं, आम्ही दोघं भाऊ. धाकटा पुण्याला नोकरीत, मी नगरला वडिलांपाशी. सहा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. सगळं मी आणि माझ्या बायकोनं केलं, अगदी सगळं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं कळल्यावर तुम्ही ते ऐकून घेणार नाही.

पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच: त्याला कशाला हवंय घर, त्याचा फ्लॅट आहे. हे पाप होतं का? मला आजही नव्हतं असंच वाटतं. मग एकदा ओळखीच्या वकिलाला सहज विचारलं. मग घर माझ्या नावावर करायच्या बक्षीसपत्राचा मसुदा कपाटात येऊन पडला. वडिलांनी विचारलं, "धाकट्याला सांगितलंयस ना?" मी म्हटलं, "फोन झालाय, हो म्हणाला." त्यांनी सही केली. वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरण उपजवतं, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन मी त्याच वर्षी संडे स्कूलच्या मुलांकडून घोकून घेत होतो.

वडील गेले आणि पाच महिन्यांनी गुड फ्रायडे आला. बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. पहिला उद्गार माझ्याकडे: "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." मी चांगला बोलतो, हे खोट्या नम्रतेशिवाय सांगतो. त्या दिवशी तर फारच चांगला बोललो. पंखे गरम वारा फेकत होते, कागद घामानं बोटांना चिकटत होता, पण मला कागदाची गरजच पडली नाही. पुढच्या बाकावरच्या मावशी पदरानं डोळे पुसत होत्या. चौथ्या बाकावर धाकटा बसला होता, ईस्टरच्या पहाटे वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवायला म्हणून आलेला. मी त्याच्याकडेही बघितलं. बोलणाऱ्यानं सगळ्यांकडे बघावं लागतं.

उपासना सुटल्यावर तो चपला घालत म्हणाला, "दादा, छान बोललास. परवा सिटी सर्व्हेत जाऊन आलो, घराच्या नोंदी बघून." बस. आवाज चढवला नाही. फुलांसाठीही थांबला नाही.

आणि दोनच दिवसांनी, ईस्टरला, मी प्रभुभोजन घेतलं. हो, घेतलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाकर घशात अडकेल असं वाटलं होतं. अडकली नाही. नेहमीसारखीच लागली. घाबरलो ते त्याला. पुढच्या महिन्यापासून बसून राहायला लागलो.

आताचे पाळकसाहेब हुशार आहेत. म्हणाले, "प्रेषित पौल प्रभुभोजनाबद्दल 'आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं' म्हणतो. आत्मपरीक्षा करून बसून राहावं, असं कुठं लिहिलंय?" बरोबर आहे. करिंथ शहरातल्या मंडळीवर पौल चिडला तोसुद्धा प्रभुभोजनाला एक जण उपाशी असताना दुसरा पोटभर खाऊन-पिऊन बसला होता म्हणून. म्हणजे रागाचं मूळ वाटणीतच. हे त्यांना सुचलं नाही, मला सुचलं. मी बोललो नाही.

बायबलमध्ये 'पाप' हा शब्द पहिल्यांदा येतो तो आदाम-हव्वेच्या फळाच्या गोष्टीत नाही. पुढे भावाचा जीव घेणाऱ्या काइनाचं अर्पण देवानं नाकारलं, तिथं येतो. पाप दाराशी टपून असतं, असं. अर्पणाच्या इतक्या जवळ, आणि भावाच्या.

कधी वाटतं, माझं हे बसून राहणं म्हणजे आठवा उद्गार झालाय. प्रभुभोजनाचा ट्रे घेऊन येणारा दीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, माझ्यापाशी क्षणभर रेंगाळतो, आजूबाजूच्या माना वळतात. गुड फ्रायडेला वळल्या होत्या तशाच. प्रामाणिकपणाचंही नाटक जमतं मला.

अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, असं प्रभू म्हणाला. मी निम्मं पाळलंय. अर्पण ठेवलंय. घर अजून माझ्याच नावावर आहे. वरच्या मजल्यावर मुलाचा संसार आहे, त्याला काय सांगू, हा प्रश्न खरा आहे, आणि सोयीचाही.

एकदा गेलो होतो पुण्याला, त्याच्या सोसायटीच्या गेटापर्यंत. वॉचमननं वही पुढे केली. नाव लिहिलं, फ्लॅट नंबर लिहिला. पुढचा रकाना 'काम'. तिथं 'वैयक्तिक' लिहिलं, खिशातला न वाजलेला फोन कानाला लावला आणि बोलत बोलत रस्त्यावर आलो.