शिबिर उठल्यावर

आमच्या चर्चच्या मंडळीचं वैद्यकीय शिबिर होळी झाल्यावरच घ्यायचं, असं मी यंदाही समितीत हट्टानं सांगितलं. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना आणि तरुण संघातल्या मुलांना नाताळची सुट्टी सोयीची पडते, हे मला कळतं. पण नाताळात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर भेटणार कोण? भात झोडून झालं की घरातली कामाची माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांत जातात. मागे उरतात म्हाताऱ्या आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली पोरं. होळीला मात्र जो तो घरी परततो. जिचं हिमोग्लोबिन तपासायला हवं ती बाई निफाडला बागेत राबत असेल, तर आपण पाड्यावर मांडव घालून करायचं काय?

नाशिकमध्ये सिस्टर म्हणजे नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. राहते शरणपूर रोडला. शरणपूर ही १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली ख्रिस्ती वस्ती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जाणारी, वाटेत सोडवलेली मुलं इथं आसऱ्याला होती, इथंच शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाबरोबर होता. लिव्हिंग्स्टन वारल्यावर सोबत्यांनी त्याचं पार्थिव महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं, आणि वेनराइट ते घेऊन १८७४ साली लंडनपर्यंत गेला. पेठ नाका सोडून गाडी रामशेजच्या पुढे गेली की मी पोरांना ही हकीकत सांगते. हाती घेतलं ते शेवटपर्यंत नेणारी माणसं आपल्याच वस्तीत वाढली, हे त्यांना ठाऊक असावं म्हणून.

कारण शिबिराचं दुखणं नेमकं तिथंच आहे. एक दिवस मांडव, टेबलं, फोटो, पंधरा दिवसांच्या गोळ्या. सोळाव्या दिवशी कोण?

सावळघाट ओलांडला की करंजाळीपासून पुढं पाडे सुरू होतात. पाऊस इथं धो धो पडतो, पण खाली काळा खडक आणि उताराची जमीन. पाणी थांबत नाही, दमणगंगेनं गुजरातकडे निघून जातं. मार्च उजाडला की बाया दरीतल्या झऱ्यावर उतरतात आणि डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात लांब रांग गुडघे आणि कंबरदुखीची. दुखीची गोळी दिली की रांग पटापट सरकते, बाई खूश, डॉक्टर मोकळे. मला ते पटत नाही. उपाशीपोटी घेतलेली ती गोळी पोट जाळते, बीपी असलेल्याला आणखी त्रास देते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: दुखीचं कुणीही आलं तरी आधी दंडाला पट्टा बांधायचा, मग बोलायचं.

गेल्या शिबिरात गुडघ्यासाठीच आलेली एक बाई, पन्नाशीची असेल, बीपी निघालं १८०-११०. डोकं दुखतं का, विचारलं तर म्हणाली, "बाई, डोकं तं रोजच दुखतं." तिला दिव्यासमोर उभं करून खालची पापणी ओढून पाहिली; आत लाली नाहीच, फिकट पांढुरकं. बोटाला सुई टोचली, हिमोग्लोबिन ७.२. बायकांचं १२ च्या वर हवं. म्हणजे गुडघ्याला आलेली बाई आमच्या हातात दोन मोठी दुखणी ठेवून बसली होती, आणि गुडघा त्यात तिसरा.

तिला आम्ही गोळ्या दिल्या, पण त्याहून मोलाचं ते कार्ड. जाड कागदाचं, दुमडून आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये बसेल एवढं. त्यावर बीपीचे आकडे, हिमोग्लोबिन, गोळीचं नाव आणि ताकद, तारीख. ती दिवाळीनंतर निफाडला गेली तरी तिथल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवायचं. बीपीची गोळी तिथं फुकट मिळते. पाकिटांवर आम्ही सूर्य आणि चंद्र काढतो, सकाळची गोळी सूर्याच्या पाकिटात, रात्रीची चंद्राच्या. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू पिळलेलं पाणी चालेल, शौचाला काळं होईल, घाबरून बंद करायची नाही. हे एवढं मी प्रत्येकीकडून उलटं म्हणवून घेते. वेळ लागतो. लागू दे. आणि घरात कुणाचे हातपाय सारखे दुखतात, डोळे पिवळे होतात असं कानावर आलं, तर आधी सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी. तिथं नुसत्या लोहाच्या गोळीनं भागत नाही.

खरजेचंही तसंच. एका पोराला मलम लावून बरं होत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत सुद्धा, आणि कपडे-गोधड्या गरम पाण्यातून काढायच्या. पण ज्या घरी प्यायला पाणी दरीतून येतं, तिथं गोधड्या कशात धुणार? मग त्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर तशाच ठेवायला सांगतो. किडा माणसाच्या अंगावाचून जगत नाही, मरतो.

आता जे मला आडून आडून विचारलं जातं, ते सरळच लिहिते. औषधाच्या टेबलावर आमच्याकडे पत्रकं नसतात. गोळीबरोबर प्रार्थना नाही, नाव विचारताना धर्म नाही. प्रार्थना आम्ही सकाळी गाडीत बसायच्या आधी करतो, आपसांत. कुणी आपणहून म्हणालं, "बाई, माझ्यासाठी तुमच्या देवाला सांगा," तर बाजूला बसून सांगते, तिचा हात हातात घेऊन. पण गरजू माणसासमोर औषध आणि विश्वास एकाच हातानं धरणं मला प्रभू येशूच्या नावाला न शोभणारं वाटतं. त्यानं बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला एकच परत आला; उरलेल्या नऊंचं आरोग्य त्यानं काढून घेतलं नाही.

वाटेत लुटलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची येशूनं सांगितलेली गोष्ट आम्ही रविवारशाळेपासून ऐकतो. तेल ओतलं, द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, इथवर सगळ्यांना पाठ असतं. मला त्यापुढचा भाग जास्त धरून ठेवतो. त्यानं जखमीला उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी नेलं, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून रखवालदाराला दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना भागवीन म्हणाला. आमची उतारशाळा म्हणजे तिथलं आरोग्य केंद्र आणि रखवालदार म्हणजे आशाताई, सरकारी योजनेतली गावची आरोग्य कार्यकर्ती. ती त्या पाड्याची, वर्षभर तिथंच. आम्ही जायच्या आधी याद्या तिच्याशी बसून करतो आणि निघताना वहीची एक प्रत तिच्याकडे ठेवतो. शिबिराचं श्रेय तिला दिलं नाही तर ते शिबिर मला खोटं वाटतं.

वहीत बीपी, शुगर, रक्त कमी, मोतीबिंदू अशी चार पानं. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांना नाशिकला सिव्हिलमध्ये आणायचं तर सोबत माणूस हवा, परतीची गाडी हवी. नुसती चिठ्ठी दिली तर ती छपराच्या वाशात खोचलेली राहते. बाकीच्यांना महिला मंडळातल्या बायका फोन करतात. पुष्कळदा लागत नाही, रेंज नसते. मग आशाताईला.

तेव्हा यंदा येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. डॉक्टर आम्हाला मिळतात, प्रभूची कृपा. कमी पडतात ती माणसं शिबिरानंतरची: दोन तास बसून फोन करणारी, सुवाच्य अक्षरात कार्ड भरणारी, एखाद्या आजीबरोबर सिव्हिलच्या रांगेत दिवस काढणारी. शिबिराच्या दिवशी येणं जमलं नाही तरी चालेल. त्यानंतरचे सहा महिने मला द्या. रविवारी उपासना संपली की मी वही घेऊन दाराशीच असते.