वरून गळतंय, वरून आवाज येतोय, पण नक्की कुठून?

छताला पिवळट डाग दिसला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वरच्यांचं बाथरूम लीक होतंय, जाऊन सांग त्यांना." मग आपण तावातावाने वर जातो, ते म्हणतात आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे, आपल्याला वाटतं हे खोटं बोलतायत, त्यांना वाटतं हे उगाच आपल्या गळ्यात खर्च टाकतायत, आणि मग पुढची कित्येक वर्षं लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता उभं राहायचं. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात. वरच्या घरात पाणी टाइल्सच्या खाली मुरलेलं असतं, त्यांना ते दिसणार कसं?

आमच्याकडे गळती पण झाली आणि आवाजाचा त्रास पण झाला, आणि दोन्हीत एकच गोष्ट लक्षात आली की पाणी काय किंवा आवाज काय, सरळ खाली येत नाही. पाणी स्लॅबवर उताराने पसरतं, पाइपच्या कडेने जातं, जिथे बारीक भेग मिळेल तिथून बाहेर पडतं, त्यामुळे डाग हॉलमध्ये आणि गळका जॉइंट बाथरूमच्या पार दुसऱ्या टोकाला असं अगदी होऊ शकतं. म्हणून भांडायच्या आधी शोधायचं. (एक अपवाद, ओल लाइट किंवा पंख्याच्या जवळ आली असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी त्या लाइनचा एमसीबी (इलेक्ट्रिक बोर्डातला मेन स्विच) खाली करा, मग इलेक्ट्रिशियन बोलवा.)

शोधायचं कसं, तर वेळ बघून. आम्ही डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली, आणि दर वेळी डाग वाढला की नवी रेघ. बघायला घाणेरडं दिसतं पण त्याच्याइतका उपयोगी पुरावा नाही. डाग दिवसरात्र सारखाच ओला राहतोय, वर कोणी नळ उघडलेला नसतानाही ठिबकतंय, तर संशय प्रेशरच्या पाइपवर, म्हणजे भिंतीतली कन्सील्ड लाइन, कारण त्यात कायम पाणी भरलेलं असतं. आंघोळी झाल्यावर वाढतो आणि दुपारपर्यंत कमी होतो, तर नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं), ड्रेनचा पाइप नाहीतर टाइल्समधले जॉइंट. फ्लश केल्यावरच येतं, तर कमोडचा जॉइंट. आणि फक्त पावसात येत असेल तर वरच्या माणसाचा संबंधच नसण्याची शक्यता बरीच, बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा खिडकीची कड बघायला पाहिजे.

वरचे तयार असतील तर अजून एक टेस्ट करता येते. जाळीचं तोंड नीट बंद करून बाथरूमच्या फरशीवर थोडं पाणी साठवून ठेवायचं, साधारण 24 तास, आणि पातळीची खूण करून ठेवायची. पाण्यात रंग घातला आणि तोच रंग खाली दिसला तर मग वादच संपला. मात्र खाली काही आलं नाही म्हणून बाथरूम निर्दोष असं समजू नका, फरशी चांगली असते आणि ड्रेनचा पाइप फुटलेला असतो असंही होतं, म्हणून नंतर जाळी उघडून ते पाणी सोडताना पण खाली एक माणूस उभा पाहिजे. हे कळल्याशिवाय कोणी टाइल्स फोडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. टाइल्समधले जॉइंट गळत असतील तर ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरायचा मसाला) नव्याने भरून काम होतं, पण पाइप फुटला असेल तर कितीही ग्राउट भरा, पैसे वाया.

आणि "खालून केमिकल मारून देतो, वर जायची गरजच नाही" म्हणणाऱ्यांपासून जरा लांब रहा. खालून बंद केलं की पाणी थांबत नाही, स्लॅबमध्येच साठतं आणि दुसरीकडून निघतं. आतल्या सळया गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि त्या दाबाने काँक्रीटचे तुकडे सुटून खाली पडतात, म्हणजे हा नुसता रंगाचा प्रश्न राहत नाही. रंग सगळ्यात शेवटी. गळती थांबल्यावर सुद्धा छत आतून सुकायला कित्येक आठवडे जातात, घाईने प्लॅस्टिक पेंट मारला की आतली ओल अडकते आणि पोपडे परत धरतात. आधी लोणा (ओलीमुळे येणारी पांढरी खारट पूड) आणि सुटलेली पुट्टी खरवडून टाका आणि छत तसंच उघडं राहू द्या.

आता आवाज. हा जास्त अवघड आहे, कारण ओल फोटोत येते, आवाजाचं तसं नाही. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज स्लॅब बऱ्यापैकी अडवतो, पण टाचा आपटत चालणं, खुर्ची ओढणं, मुलांचा बॉल, हे धक्के थेट काँक्रीटमध्ये जातात आणि तिथून भिंतींत. म्हणून डोक्यावर वाटणारा आवाज तिरक्या बाजूच्या घरातलाही असू शकतो. नळ झटकन बंद केल्यावर पाइपमध्ये ठक्क असा धक्का बसतो, तेव्हा कोणी काही आपटत नसतं, पाण्याचा दाब असतो. मोबाइलच्या ॲपवर सरासरी डेसिबल दाखवून पण फार काही सिद्ध होत नाही, झोप मोडते ती अचानक येणाऱ्या एकेका धक्क्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच बेडरूमसाठी रात्रभराच्या सरासरीला 30 डेसिबल आणि एकेका आवाजाला 45 डेसिबल असे दोन वेगळे आकडे दिलेत.

आपण आपल्या बाजूने साधं फॉल्स सीलिंग केलं तरी फारसा फरक पडत नाही, ते त्याच स्लॅबला टांगलेलं असतं आणि भिंतींतून येणारा आवाज तर येतच राहतो. धक्का जिथे बसतो तिथेच मऊ काहीतरी पाहिजे, म्हणजे उपाय वरच्यांच्या घरात आहे, म्हणजे त्यांच्याशी बोलणं आलंच.

आम्ही तक्रार करायला वर गेलोच नाही, वरच्या काकूंना खाली बोलावलं. "काकू, पाच मिनिटं येता का, काहीतरी दाखवायचंय." त्या आमच्या बेडरूममध्ये बसल्या आणि त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं की डायनिंगची खुर्ची नेहमीसारखी ओढ. तो घर्रर्र आवाज आला आणि काकू एकदम वर बघत म्हणाल्या, "अगं बाई, एवढं ऐकू येतं? मग इतके दिवस बोलला का नाहीत?" त्याच आठवड्यात खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लागले, वॉशिंग मशीनचे पाय लेव्हल करून खाली जाड रबरी मॅट आली. नातू पळतो तो पळतोच, आणि लहान पोराला पळू नको सांगणं मला पटत पण नाही, पण तो खेळतो त्या खोलीत आता जाड मॅट आहे आणि रात्री 10 नंतर सहसा शांत असतं.

सगळीकडे अशा काकू नसतात हे मान्य. काहीजण दारच उघडत नाहीत. तेव्हा काठीने छत ठोकू नका, त्याने फक्त वैर वाढतं. सगळं लेखी करा, तारखेसकट फोटो, पेन्सिलच्या रेघा, कधी काय आवाज आला त्याची वही, प्लंबरने बघितलं असेल तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून सहीनिशी घ्या, आणि कमिटीला द्याल त्या पत्रात "हे लोक असेच आहेत" वगैरे एक शब्द लिहू नका, फक्त कुठे, कधी, किती आणि तुम्हाला नक्की काय तपासून हवंय तेवढंच. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.