कॉर्नवॉलचे क्रूस : कार्डिनमची साखळी अखेर कागदावर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, जुने दगडी क्रूस आहेत; ते मी वहीत रेखाटते. त्यांपैकी कार्डिनम गावच्या मोठ्या क्रूसाची कडेची बाजू, एकमेकांत अडकलेल्या कड्यांच्या साखळीची नक्षी असलेली, रेंगाळली होती. या महिन्यात तीही वहीत उतरली. हा ग्रॅनाइटचा क्रूस 10व्या-11व्या शतकातला. मधली कित्येक शतकं तो तिथल्या चर्चच्याच भिंतीत चिणलेला होता आणि 19व्या शतकात डागडुजी निघाली तेव्हा बाहेर आला. वीरगळ शोधत हिंडणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही. तयार घडवलेला दगड दिसला की गवंड्याचा हात थांबत नाही, मग गाव कुठलंही असो.

साखळी स्कँडिनेव्हियन धाटणीची आहे. तशीच ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आयल ऑफ मॅन बेटावर गाउट नावाच्या कारागिराच्या क्रूसावर दिसते, आणि त्या पठ्ठ्यानं रुनी या जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीत बजावून ठेवलंय, की हा आणि मॅनमधले सगळे मीच घडवले! ही नक्षी कॉर्नवॉलच्या आतल्या भागात, एवढ्याशा खेड्यात कशी पोचली, याचा विचार मला सोडत नाही.

खरी झटापट उजेडाशी. ग्रॅनाइटचा दाणा जाड, कोरीव काम उथळ, त्यावर दगडफुलाचे करडे-पिवळे चट्टे. भर दुपारी दगड जवळजवळ कोराच दिसतो. उन्हं कलली की कडी एकेक करून वर येतात. ढग असतील तर टॉर्च दगडाला लागून, अगदी आडवा धरायचा आणि हळूहळू खाली सरकवायचा. रेषांत खडू भरायचा नाही, दगडफूल खरवडायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

रेखाटताना ठिपक्यांच्या रांगोळीची सवय कामी आली. आधी ठिपके, मग नक्षीतल्या एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्या. पट्टी एकदा वरून गेली की पुढच्या छेदाला खालून जाणार, हे धरून चाललं की झिजलेला बराच भाग उलगडतो. अंदाजाची रेघ मात्र तुटकच ठेवते. आर्थर लँग्डननं 1896 मध्ये छापलेली या क्रूसांची चित्रं घरी आहेत, पण दगडासमोर ती उघडत नाही. छापील रेघ आधी पाहिली की डोळे तीच शोधत बसतात.

कॉर्नवॉलमधल्याच मायलरला धावती भेट झाली. तिथला क्रूस 17 फूट 6 इंच, त्यातला 7 फूट मातीत, कॉर्नवॉलमधला सर्वात उंच. तोही एके काळी चर्चच्या भिंतीला टेकू म्हणून लावलेला होता, 1870 मध्ये ओळखू आला. नक्षी बेताची, त्यामुळे मोजमापं घेऊन निघाले. लॅनिवेटला एका क्रूसावर शेपूटवाला माणूस आहे. त्याच्यासाठी पुन्हा जावं लागणार, कारण पाऊस थांबेचना.

आता सेंट बरियन गाव. तिथल्या क्रूसाच्या माथ्यावर एका अंगाला अंगरखा घातलेला ख्रिस्त आणि दुसऱ्या अंगाला पाच गोल उंचवटे, म्हणजे त्याच्या पाच जखमा असं मानतात. नुसत्या चित्रात उंचवट्याचा उठाव कळत नाही, म्हणून ढगाळ दिवशी चहूबाजूंनी फोटो काढून त्रिमितीय मॉडेल करून बघणार आहे. फोनच्या फोटोंवरून कुणी ग्रॅनाइटचं मॉडेल केलं असेल, तर एका फोटोवर दुसरा किती चढवता आणि दगडफुलामुळे सॉफ्टवेअर गोंधळतं का, तेवढं सांगा.