रागाचे अंतर

भैया चौकाच्या आसपास संध्याकाळी चहाला थांबले, की टपरीवरच्या टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या युद्धाची चर्चा हमखास चालू असते. निवेदक घसा फोडून ओरडत असतो आणि दिवाळीतला सुतळी बॉम्बही दुसऱ्याकडून लावून घेणारी मंडळी ‘एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावून टाका’ असा निकाल देऊन कप खाली ठेवतात. मीही त्यांतलाच, उन्हाने आधीच तापलेल्या सोलापूरकराला तापायला फारसे निमित्त लागत नाही.

तरीही मला अलीकडे असे वाटू लागले आहे, की राग ही रणांगणावरच्या माणसापेक्षा रणांगणापासून दूर बसलेल्यांची भावना असावी. प्रशियाचा सेनानी क्लाउझेविट्झ याच्या मृत्यूनंतर, १८३२ पासून, त्याचा युद्धविषयक ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. त्यात त्याने द्वेष, योगायोग आणि विवेक असे युद्धाचे तीन घटक मानले असून त्यांपैकी योगायोगाचा संबंध सेनापती व सैन्याशी, विवेकाचा सरकारशी आणि द्वेषाचा मुख्यतः जनतेशी जोडला आहे. नेपोलियनविरुद्धच्या लढाया स्वतः पाहिलेल्या माणसाने द्वेष आपल्या पदरात टाकावा, हे टपरीवर बसून वाचताना जरा झोंबते.

प्रत्यक्ष आघाडीवर काय असते? पुष्कळशी भीती असते आणि शेजारच्या सोबत्याविषयीची माया असते. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर अनेक ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन शिपाई खंदकांतून बाहेर आले, त्यांनी एकमेकांना सिगारेटी दिल्या आणि मधल्या पट्ट्यात पडून राहिलेले आपापले मृत सोबती पुरले. हे कुणाच्या हुकमाने घडले नव्हते. उलट पुढच्या वर्षी तसे घडू नये, यासाठी वरिष्ठांना सक्त आदेश काढावे लागले. भीतीचा हिशेब तर याहून कठोर होता. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून त्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने गोळ्या घातलेल्या आपल्याच ३०६ शिपायांना माफी मिळायला २००६ साल उजाडले.

भैया चौकातच डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये, काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला. आक्रमणाची चीड त्यांच्याही मनात असणार, पण शस्त्रक्रियेच्या टेबलाशी चिडीचा काय उपयोग? तिथे लागते ती करुणा, आणि तीही अशी, की रात्रभर जखमी येत राहिले तरी हात थरथरू न देणारी. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरीही ते परतले नाहीत. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. रागाच्या भरात निघालेला माणूस परदेशातल्या युद्धात, दुसऱ्यांच्या जखमा बांधत, चार वर्षे टिकला असता असे मला वाटत नाही. टपरीवर मी हे एकदा बोलून पाहिले. एकाने मान डोलावली आणि दुसऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.